डॉलर वितळला, रुपया झाला : चांदीच्या जुन्या नाण्यांवरचे बारीक फरक कसे वाचावेत

(डोंबिवलीत झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. श्रोत्यांचे निवडक प्रश्न शेवटी दिले आहेत.)



विषय जाहीर झाला तेव्हा काही जणांनी विचारलं, की अमेरिकन चांदीच्या डॉलरचा आणि डोंबिवलीचा संबंध काय? संबंध दोन आहेत. पहिला उघड आहे. आपल्याकडे कुणाची मुलगी न्यू जर्सीत असते, कुणाचा पुतण्या कॅलिफोर्नियात. येताना कुणीतरी जुना सिल्व्हर डॉलर भेट म्हणून आणतो, तो कपाटात जातो आणि तिथेच राहतो. दुसरा संबंध सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. लक्ष्मीपूजनाच्या ताटात आपण आजीच्या वेळचे चांदीचे रुपये ठेवतो. त्यात पाचव्या जॉर्जचा १९१८ किंवा १९१९ चा रुपया असला, तर त्यातली चांदी आधी अमेरिकन डॉलर होती, अशी शक्यता बरीच आहे.

आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. जुन्या नाण्याची किंमत ते किती जुनं आहे यावर ठरत नाही. किती पाडली, त्यातली किती वितळली आणि किती उरली, यावर ठरते. आणि उरलेल्यांतलं आपलं कुठलं, हे नाण्यावरच लिहिलेलं असतं. ते वाचता आलं नाही, तर चांगलं नाणं सराफाकडे वजनावर मोडीत जातं, आणि साध्या नाण्यासाठी आपण कुणाला तरी हजारो रुपये देऊन बसतो. दोन्ही प्रकार रोज घडतात.

आधी वजनाचा हिशेब

आपला ब्रिटिशकालीन चांदीचा रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. हाच जुना तोळा. आज सराफ १० ग्रॅमला तोळा म्हणतात, पण मूळ तोळा म्हणजे एका रुपयाचं वजन. त्यात बारापैकी अकरा भाग चांदी, म्हणजे १६५ ग्रेन शुद्ध चांदी.

अमेरिकन सिल्व्हर डॉलर ४१२.५ ग्रेनचा, म्हणजे २६.७३ ग्रॅमचा. त्यात नव्वद टक्के चांदी, म्हणजे ३७१.२५ ग्रेन.

आता ३७१.२५ ला १६५ नं भागा. उत्तर येतं बरोबर २.२५. एक डॉलर वितळवला की सव्वादोन रुपयांची चांदी मिळते, ना कमी ना जास्त. हे कुणी ठरवून केलेलं नाही, दोन देशांची वजनं तशी जुळली. पण १९१८ साली हा भागाकार खरोखरच करायची वेळ आली.

१९१८ साली काय झालं

पहिलं महायुद्ध चालू होतं. हिंदुस्थानातून धान्य, ताग, कातडी आणि युद्धाचा माल बाहेर जात होता. त्याचे पैसे इथल्या लोकांना रुपयांत द्यायचे होते, आणि लोकांचा विश्वास होता बंद्या रुपयावर. त्याला आपण कलदार म्हणायचो. कल म्हणजे यंत्र, यंत्रावर पाडलेला तो कलदार. गावच्या माणसाला कागद नको होता. हातात आलेला रुपया तो गाडग्यात ठेवायचा, नाहीतर त्याचे दागिने घडवायचा.

त्यातच जगभर चांदी महागली. रुपयाचा सरकारी विनिमय दर होता एक शिलिंग चार पेन्स. चांदी औंसाला ४३ पेन्सच्या वर गेली की रुपयातली चांदी रुपयाहून महाग होते, आणि १९१७ मध्ये तसंच झालं. सरकारनं रुपये वितळवायला बंदी घातली. नोव्हेंबर १९१७ मध्ये एक रुपयाची कागदी नोट आणली. जानेवारी १९१८ मध्ये तर अडीच रुपयांची नोट काढली. दोन आणे, चार आणे, आठ आणे निकेलचे करायचं ठरलं. तरी १९१८ च्या वसंतात युद्धाच्या वाईट बातम्या आल्या आणि लोकांनी नोटा मोडून रुपये घ्यायची घाई केली. सरकारी तिजोरीतला रुपयांचा साठा झपाट्यानं खाली आला. नोटेच्या बदल्यात रुपया देता आला नसता, तर सगळ्या चलनावरचाच विश्वास गेला असता.

तेव्हा जगात चांदीचा एकच मोठा साठा हाताशी होता, अमेरिकेच्या सरकारी तिजोरीतला. तिथे कोट्यवधी सिल्व्हर डॉलर पोत्यांत भरून पडलेले होते. २३ एप्रिल १९१८ रोजी तिथे पिटमन कायदा झाला. की पिटमन हे नेवाडाचे सिनेटर, आणि नेवाडा म्हणजे चांदीच्या खाणींचं राज्य. कायद्यानुसार ३५ कोटींपर्यंत डॉलर वितळवायची परवानगी मिळाली. प्रत्यक्षात वितळले २७,०२,३२,७२२. त्यातले ११,१११,१६८ अमेरिकेच्याच चिल्लर नाण्यांसाठी वापरले, आणि २५,९१,२१,५५४ डॉलरची चांदी ब्रिटनला विकली, हिंदुस्थानसाठी. दर शुद्ध औंसाला एक डॉलर.

सव्वादोननं गुणलं की साधारण ५८ कोटी रुपयांची चांदी होते. ती मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळीत आली. या दोन टांकसाळींनी मिळून १९१८ मध्ये आणि पुन्हा १९१९ मध्ये, दर वर्षी ४० कोटींहून जास्त रुपये पाडले. सरकार इतरही ठिकाणची चांदी घेत होतं, त्यामुळे एखाद्या रुपयाकडे बोट दाखवून ‘हा डॉलरचाच’ असं म्हणता येत नाही. पण त्या वर्षांच्या रुपयांत अमेरिकन डॉलर मोठ्या प्रमाणात मिसळलेला आहे, हे नक्की.

मुंबईची ही टांकसाळ म्हणजे फोर्टातली, एशियाटिकच्या टाउन हॉलजवळची. आपल्यापैकी अनेक जण नोकरीच्या निमित्तानं तिच्या भिंतीवरून वर्षानुवर्षं गेलेले आहेत.

काय वितळलं, याची यादी नाही

संग्राहकाच्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. अमेरिकेत २७ कोटी डॉलर वितळवताना कुठल्या सालाचे, कुठल्या टांकसाळीचे किती गेले, याची नोंद कुणी ठेवली नाही. पोती उघडली, नाणी मुशीत टाकली, विटा केल्या.

त्यामुळे ‘किती पाडली’ हा आकडा तिथे फसवा ठरतो. १९०३ साली न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीत ४४,५०,००० डॉलर पाडले होते. पण बाजारात ते दिसतच नव्हते. संग्राहकांनी अंदाज केला, की ते १९१८ मध्ये वितळले असणार. म्हणजे आपल्या रुपयांत गेले असणार. न वापरलेल्या एका नाण्याची किंमत दीड हजार डॉलरपर्यंत सांगितली जात होती. १९६२ मध्ये सरकारी तिजोरीतून जुनी पोती बाहेर काढली, आणि त्यात नेमकी हीच नाणी निघाली. किंमत धाडकन खाली आली. नाणं तेच होतं, वय तेच होतं. फक्त ‘किती उरलीत’ याचं उत्तर बदललं.

उलट उदाहरण १८९५ चं. फिलाडेल्फियात त्या साली १२,००० साधे डॉलर पाडल्याची नोंद आहे, पण आजवर त्यातलं एकही समोर आलेलं नाही. दिसतात ते फक्त खास चकचकीत पाडलेले, ज्यांना प्रूफ म्हणतात, ते ८८०.

अमेरिकन डॉलर हातात आला तर

१८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ मध्ये पाडलेल्या डॉलरला मॉर्गन डॉलर म्हणतात. ठसा करणारे जॉर्ज मॉर्गन, मूळचे इंग्लंडचे. छाप्याच्या बाजूला स्वातंत्र्यदेवीचं मुख, मागे पंख पसरलेला गरुड.

नाणं उलटं करा. गरुडाखाली पानांची माळ आहे, तिच्या गाठीच्या खाली भिंगानं पाहा. तिथे ‘एस’ असेल तर सॅन फ्रान्सिस्को, ‘ओ’ असेल तर न्यू ऑर्लिन्स, ‘सीसी’ असेल तर कार्सन सिटी, ‘डी’ असेल तर डेन्व्हर. काहीच नसेल तर फिलाडेल्फिया. ‘सीसी’ दिसलं तर नाणं बाजूला काढून ठेवा, तिथे तुलनेनं कमी पाडली जात. आणि १८९३ सोबत ‘एस’ दिसला तर आनंद करण्याआधी संशय घ्या. तो डॉलर फक्त एक लाख पाडला होता, म्हणून साध्या १८९३ च्या नाण्यावर ‘एस’ चिकटवून फसवण्याचा धंदा जुना आहे.

आता याहून बारीक फरक. १८७८ च्या पहिल्या ठशात गरुडाच्या शेपटीला आठ पिसं होती. मग ठरलं की अमेरिकन नाण्यांवर शेपटीची पिसं विषम असतात, सात करा. घाईत काही ठसे आठाच्या वरच सातचे उमटवले गेले, आणि सात पिसांच्या खालून जुन्या पिसांची टोकं डोकावतात. म्हणजे एकाच वर्षी, एकाच टांकसाळीत आठ, सात आणि ‘आठावर सात’ असे तीन प्रकार. असे फरक व्हॅन अॅलन आणि मॅलिस या दोन अभ्यासकांनी क्रमांक लावून मांडले. त्यांच्या आद्याक्षरांवरून त्या क्रमांकांना ‘व्हॅम’ म्हणतात.

आणि १९२१ चा डॉलर? तो पिटमन कायद्याचं दुसरं टोक आहे. जेवढे वितळवले तेवढे पुन्हा पाडायचे, अशी त्या कायद्यात अट होती. पण जुने मूळ ठसे १९१० मध्ये नष्ट करून टाकले होते. मॉर्गननी पुन्हा नवे केले, म्हणून १९२१ च्या नाण्यावरची नक्षी जरा चपटी वाटते. हे डॉलर कोट्यवधी पाडले गेले. अमेरिकेहून भेट येतो तो बहुतेक वेळा हाच. डिसेंबर १९२१ मध्ये नव्या ठशाचा ‘पीस डॉलर’ सुरू झाला, युद्ध संपल्याच्या स्मरणार्थ. आपल्याकडे रुपये पोचवण्यासाठी जी जागा रिकामी झाली, ती भरायला हे डॉलर पाडले गेले.

आता आपला रुपया

हीच नजर आपल्या ताटातल्या रुपयाकडे वळवू.

राणीछाप रुपया असेल तर आधी अक्षरं वाचा. ‘व्हिक्टोरिया क्वीन’ असेल तर १८७६ पर्यंतचा, ‘एम्प्रेस’ असेल तर १८७७ पासूनचा. आणि साल १८४० किंवा १८६२ असेल, तर थांबा. ते साल खरं असेलच असं नाही. १८४० चं साल घालून १८६२ पर्यंत रुपये पाडले जात होते, आणि १८६२ चं साल घालून १८७४ पर्यंत. साल गोठवून ठेवलं होतं म्हणा ना.

मग खरं वर्ष कसं ओळखायचं? १८४० च्या रुपयात राणीभोवतीची अक्षरं सलग आहेत की डोक्यामुळे दुभंगली आहेत, हे पाहायचं. सलग ती आधीची, दुभंगलेली नंतरची. शिवाय मागच्या माळेतली बारीक फळं मोजायची, त्यांची संख्या ठशागणिक बदलते. १८६२ च्या रुपयात मुंबईच्या कारागिरांनी सालाखाली मोहरीहून बारीक टिंबं घालायला सुरुवात केली, आणि त्यांची संख्या बदलत नेली. बाहेरच्या माणसाला सगळी नाणी सारखीच, टांकसाळीतल्या माणसाला मात्र टिंबं मोजून कळायचं हे कधीचं. आज संग्राहक भिंग घेऊन तीच टिंबं मोजत बसतात.

पाचव्या जॉर्जच्या रुपयावर मुंबईची खूण म्हणजे काट्याच्या बाजूला अगदी खाली, कमळाच्या फुलाखाली, एक उठावाचं टिंब. टिंब असेल तर मुंबई, नसेल तर कलकत्ता. आज घरी गेल्यावर पाहता येईल अशी ही सगळ्यात सोपी खूण.

जॉर्जचाच १९११ चा रुपया असेल तर जपा. राजाच्या झग्यावर ‘ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायर’च्या साखळीतला एक हत्ती आहे. ठसा करताना त्याची सोंड आखूड झाली, आणि लोकांना तो डुक्कर वाटला. मुसलमान समाजात नाराजी पसरली. सुमारे ९४ लाख रुपये पाडले होते, त्यातले सातएक लाख बाहेर गेले होते. बाकीचे रोखून वितळवले. १९१२ पासून हत्तीची सोंड नीट लांब आणि कान मोठे झाले. या एका रुपयात आजचा सगळा विषय आला : ठशातली चूक, लोकांची भावना आणि वितळणं.

१९१८, १९१९ चे रुपये मात्र, इतका मोठा इतिहास असूनही, बाजारात भरपूर आहेत. त्यांना चांदीच्या भावाहून फारसं जास्त कुणी देत नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण गोष्ट मोठी असली म्हणजे किंमत मोठी असतेच असं नाही.

१९३९, आणि चांदीचा परतीचा प्रवास

जुन्या कसाचा, बारापैकी अकरा भाग चांदीचा, शेवटचा रुपया १९३९ चा, सहाव्या जॉर्जचा, मुंबईत पाडलेला. तोही बहुतेक वितळला, म्हणून तो दुर्मीळ आहे आणि म्हणूनच त्याच्या नकला फार. १९३८ मधला आठ खरवडून नऊ केलेले असतात.

१९४० पासून रुपयात निम्मीच चांदी राहिली. बाकी तांबं, निकेल, जस्त. कडेच्या कंगोऱ्यांत नकला रोखण्यासाठी खास नक्षी घातली. दुसऱ्या महायुद्धात चांदी पुन्हा कमी पडली, आणि अमेरिकेनं पुन्हा दिली, सुमारे २२ कोटी ६० लाख औंस. पण या वेळी विकत नव्हे, उसनी. औंसाला औंस परत करायची होती. फाळणीनंतर ते देणं भारत आणि पाकिस्तानात वाटलं गेलं. आपल्या सरकारनं अलिपूरला चांदी शुद्ध करण्याचा कारखाना उभारला, बाजारातून काढून घेतलेल्या निम्म्या चांदीच्या रुपयांतून चांदी वेगळी केली, आणि १९५७ मध्ये उसनवारी फेडली.

म्हणजे पहिल्या युद्धात डॉलर वितळून रुपया झाला, दुसऱ्या युद्धानंतर रुपया वितळून चांदी अमेरिकेला परत गेली. आपल्या ताटात आहेत ते या दोन्ही भट्ट्यांतून सुटलेले.

घरी काय करायचं

तीन वस्तू लागतील : दहापट मोठं दाखवणारं भिंग, ग्रॅमचे दोन दशांश दाखवणारा छोटा काटा आणि लोहचुंबक. चांदी चुंबकाला चिकटत नाही. रुपया ११.६६ ग्रॅमच्या आसपास हवा, झिजला असेल तर थोडा कमी, पण जास्त कधीच नाही. डॉलर २६.७३ च्या आसपास. चुंबक आणि वजन या दोन चाचण्यांत बऱ्याच नकला उघड्या पडतात. सगळ्या नाही, म्हणून महाग नाणं जाणकाराला दाखवल्याशिवाय घेऊ नका.

दुसरं, नाणं घासू नका. चिंच नको, मीठ नको, राख नको, दंतमंजन तर मुळीच नको. काळसर झाक हे नाण्याचं वय आहे. घासलेल्या नाण्याचे उठाव कायमचे जातात, आणि संग्राहक त्याला निम्मीही किंमत देत नाही. पूजेसाठी लखलखीत हवंच असेल, तर त्यासाठी झिजलेला १९१९ चा रुपया वेगळा ठेवा. मऊ प्लॅस्टिकच्या पिशव्याही टाळा, त्यातून हिरवट चिकट थर चढतो.

आणि मोडीत देण्याआधी अर्धा तास काढा. प्रत्येक नाण्याचं साल, खूण, टिंब वहीत लिहा. तेवढ्यानं पुढचे निर्णय तुमचे राहतात, सराफाचे होत नाहीत.

श्रोत्यांचे प्रश्न

*आमच्याकडे १९१८ चा रुपया आहे. नातवाला अमेरिकेत भेट म्हणून पाठवता येईल का?*

नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षं झालेलं नाणं पुरावस्तू ठरतं, आणि ते खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. १९१८ चा रुपया ती रेघ ओलांडून गेला आहे. नातू सुट्टीत आला की त्याच्या हातात द्या, गोष्ट सांगा, आणि परत कपाटात ठेवा.

*गावी जुन्या घराच्या पायात गाडगं सापडलं तर?*

१८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत सापडलेला ठेवा दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शिवाय ठेवा एकत्र असला तरच अभ्यासकांना त्यातून काही कळतं. भावांनी वाटून घेतला की नाणी उरतात, माहिती जाते.

*मोबाइलवर जाहिरात येते, जुनं नाणं द्या, लाखो रुपये घ्या. आधी काही शुल्क मागतात.*

शुल्क मागितलं की समजा फसवणूक आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं स्वतः जाहीर केलं, की जुन्या नाण्या-नोटांच्या अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही, आणि तिच्या नावानं शुल्क घ्यायचा अधिकार तिनं कुणालाही दिलेला नाही. खरा घेणारा आधी नाणं पाहायला मागतो, पैसे मागत नाही.

*सुरुवात कुठून करावी?*

विकत घेण्यापासून करू नका. घरात जे आहे ते आधी वाचा. पाचव्या जॉर्जचे दोन रुपये शोधा, एक टिंबाचा आणि एक बिनटिंबाचा. मुंबई आणि कलकत्ता शेजारी शेजारी ठेवली, की संग्रह सुरू झाला.